खातूंच्या शेताखालची नदी

"मेला हा मार्गशीर्ष आहे की श्रावण. वाल काय आता डोक्यावर वाळत घालू?"

भिंतीपलीकडून माणिकवहिनींची कुरकुर आली आणि माझा दिवस सुरू झाला. माणिकवहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. शेट्यांचं हे घर दोघा भावांत वाटलं तेव्हा मधे भिंत घातली, पण ती कौलांपर्यंत पोचलीच नाही. माळ्याच्या वर हातभर बांधून गवंडी जो गेला तो परत आला नाही. त्यामुळे आमच्यात वाटणी झाली ती खोल्यांची नि भांड्यांची. आवाजांची राहून गेली. माझे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली, मुलगा पुण्याला. तेव्हापासून पलीकडच्या आवाजांवरच मी घड्याळ लावते.

"अण्णांच्या डोक्यावर घाला. तिथे मोकळी जागा आहे," मी इकडून म्हटलं.

"बरं," अण्णा म्हणाले.

अण्णा माझे थोरले दीर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली, एवढा एकच शब्द राहिला. चहा हवा तरी बरं, नको तरी बरं. वहिनी म्हणायच्या, चाळीस वर्षांत आत्ता कुठे माझं ऐकायला लागलेत.

त्या वर्षीचं ते तिसरं वादळ. माझ्या लहानपणी दिवाळी झाली की आभाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख असायचं. आता समुद्र थंडच होत नाही. पाणी कोमट राहतं, वाफ चढत राहते, आणि ऐन डिसेंबरात वादळ उठून कोकणाच्या अंगावर येतं. आषाढात निदान धरणात जागा असायची. डिसेंबरात ते उन्हाळ्यासाठी काठोकाठ भरून ठेवलेलं. वरून पडेल तेवढं खाली सोडायचं, दुसरा इलाज नाही. धरणाखालचं पहिलं गाव आमचं आंबेखोल, आणि आंबेखोलात सगळ्यांत खाली, काळवी नदीच्या अगदी मांडीवर, आमची बंदरआळी. चौतीस घरं.

ओसरीवरच्या डबीतून जुळी बोलली. "नमस्कार, शेट्ये कुटुंब. वादळ उद्या सकाळी किनाऱ्यावर येईल. पिण्याचं पाणी भरून ठेवावं. धन्यवाद."

"हिला म्हणावं, तू भर," वहिनी म्हणाल्या.

जुळी म्हणजे काळवीची संगणकातली जुळी बहीण. खऱ्या नदीच्या तळाशी ठिकठिकाणी कान पुरलेत. पाण्याचा जोर वाढला की तळातले गोटे घरंगळतात, त्यांच्या आवाजावरून ते कान जोर ओळखतात. ढग वरून उपग्रह मोजतो. धरणाचं धरणावरून कळतं. हे सगळं घेऊन संगणकात एक दुसरी नदी वाहते, खरीपेक्षा नऊ तास पुढे. आमचा संध्याकाळचा पूर ती सकाळी भोगून मोकळी होते आणि प्रत्येक घराला सांगते, तुमच्या उंबऱ्यावर इतके फूट, इतके इंच. धरणाची दारं कधी नि किती उघडायची हेही तिलाच विचारून ठरतं.

पण कान सांगतात ते आजचं. मोठ्या पुराचं पाणी कुठवर पसरतं हे शिकायला तिला मागच्या पुरांच्या खुणा लागतात. आणि खुणा म्हटलं की सगळ्या नदीकाठावर बंदरआळीचा हात धरणारं कोणी नाही.

आमच्याकडे रीत आहे. पूर ओसरला की घरातली थोरली सून गेरूत बोट बुडवून, पाणी चढलं होतं तिथे भिंतीवर ओळ मारते. ओळीला हळदकुंकू लावते, खाली नारळ ठेवते. नदी घरी येऊन गेली, तिची ओटी भरली, असं समजायचं. भिंतींना चुना काढतात तोही या ओळी सोडून. नव्वद वर्षांच्या ओळी आहेत आमच्याकडे, एकावर एक, मुलाची उंची मोजावी तशा.

सहा वर्षांपूर्वी जुलैत मोठा पूर आला. साडेअकरा फूट. माळा बुडून वर साडेतीन फूट पाणी. आम्ही सगळे टेकडीवरच्या देवळात पळालो. अण्णा तेव्हा धट्टेकट्टे होते, माझी ट्रंकही त्यांनीच खांद्यावरून नेली. पाणी उतरलं, ओळी मारल्या, आणि आठवड्याने नियम आला. ज्या घरात नऊ फुटांच्या वर पाणी चढलं असेल ते घर उठणार. जायचं कुठे, तर अकरा किलोमीटरवरच्या सड्यावर. जांभ्याचा उघडा कातळ, पत्र्याच्या खोल्या, ना झाड ना विहीर. खुणा मोजायला माणसं येणार होती गुरुवारी.

मंगळवारी रेशनच्या दुकानात आळी जमली. दुकान दत्ताराम खातूंचं. आळीत त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "खोटं बोला असं कोण म्हणत नाय. ओळ तेवढी जरा सोसवेल अशी मारा."

बुधवारी चौतीस घरांत माळ्यावरच्या ओळींवर चुना चढला. आमच्या घरात टेप मी धरली. वहिनींनी गेरूत बोट बुडवलं आणि थांबल्या.

"साडेसहा मारू काय गो? सहा अगदीच वाईट दिसतं."

"सहाच ठरलंय, वहिनी."

त्यांनी सहा फुटांवर ओळ मारली. हळदकुंकू लावलं. नारळही ठेवला. पण त्या वर्षी तो नारळ फोडून खायला कोणी तयार होईना.

मग जुळी आली. तिच्याबरोबर आल्या रुबिना मुकादम, शेजारच्या तालुक्यातल्या, तिशीच्या आतल्या, प्रकल्पाच्या अभियंता. मला त्यांनी नदीसखी नेमलं. नाव मोठं, काम कानांच्या वायरींवरचं शेवाळ काढायचं. पण मी विचारत राहिले, त्या सांगत राहिल्या, आणि शाळा सातवीत सुटलेल्या मला नदीचं गणित थोडंथोडं कळायला लागलं.

एक दिवस त्यांनी पाटीएवढ्या पडद्यावर आमचं गाव दाखवलं. आळीमागे खातूंच्या भातशेताखालून एक निळा धागा गेला होता.

"हे काय?"

"गंमत आहे, कुमुदताई. समोरच्या काठाच्या खुणा सांगतात, मोठ्या पुरात पाणी बारा फुटांच्या आसपास होतं. तुमच्याकडे सहाच. मग उरलेलं गेलं कुठे? पाणी नाहीसं तर होत नाही. जुळीने हजारो वेळा नदी वाहवून पाहिली, आणि एकाच गोष्टीने मेळ बसला. इथे जमिनीखाली जुना, बुजलेला प्रवाह असणार. मोठ्या पुरात तो एक तृतीयांश पाणी ओढून पलीकडे खाडीत नेतो."

मी विचारलं, "खुणाच चुकल्या असतील तर?"

"तो विचार झाला. पण तुमच्या बाकीच्या नव्वद वर्षांच्या ओळी तंतोतंत बरोबर येतात. इतकी खरी आळी एकदाच कशाला खोटं बोलेल?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्यांना चहा विचारला.

बातमी आळीत पसरली. कोणी हसलं नाही. खातू शेताच्या बांधावर जाऊन बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिथे एक दगड दिसला, त्यापुढे फुलं. महिन्याभरात गुप्तधारा हे नावही पडलं. खातूंनी तिथे विहीर खणली. पाणी लागलं नाही, तर म्हणाले, अजून खाली असेल. पुढच्या पाच पावसाळ्यांत पूर आले ते तीन-चार फुटांचे, आणि जुळी दर वेळी अगदी इंचापर्यंत खरी ठरली. एवढ्या पाण्यात आमच्या ओळीची परीक्षाच नव्हती, हे मला कळत होतं. तरी कधीतरी भांडी घासताना मनात यायचं, असेलही धारा. इतकं शिकलेलं यंत्र उगाच कशाला म्हणेल? आम्ही मारलेली थाप संगणकातून फिरून आली आणि आम्हीच तिच्या पाया पडलो.

वादळाच्या दिवशी सकाळी सात वाजता डबी बोलली. "शेट्ये कुटुंब, आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आपल्या उंबऱ्यावर पाच फूट दहा इंच पाणी असेल. आपला माळा सुरक्षित आहे. घर सोडू नये. धन्यवाद."

माळा आठ फुटांवर. हिशेबाने दोन फूट राखून. तालुक्याला होड्या आठ, आणि त्या गेल्या जुळीने माळे बुडतील म्हणून सांगितलेल्या वाड्यांकडे.

माझ्या फोनवर, नदीसखीच्या फोनवर, एक पिवळं बटण होतं. 'ही माहिती चुकीची वाटते.' ते दाबलं की कार्यालय जागं होतं, होडी निघते, आणि पूर ओसरल्यावर खुणांची नव्याने मोजणी लागते. मोजणी लागली की चुना खरवडला जाणार. चुन्याखाली साडेअकरा. मग सडा. मी अंगठा बटणावर ठेवला आणि उचलला. असं तीनदा केलं.

अण्णांना खुर्चीत बसवून देवळात न्यायला चार माणसं पुरली असती. मी खातूंना तसं म्हटलंही.

"ह्या गारठ्यात? न्युमोनियाने जाईल तो," खातू म्हणाले. मग आवाज खाली आणून, "आणि एक घर हललं की सगळी हलतील. आळी रिकामी दिसली की वरून विचारतील, माळा सुरक्षित असताना पळालात का. काय सांगशील?"

मी दोर आणायला गेले.

चौघांनी अण्णांना खुर्चीसकट माळ्यावर चढवलं. आढ्याच्या खांबाला खुर्ची बांधली. वहिनींनी त्यांच्या अंगावर दोन कांबळी घातली, कानटोपी घातली. मग माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर चुन्याचा पोपडा दिसत होता तिकडे.

"वर नाय ना गो येणार?"

"जुळी म्हणते, सहाच्या आत थांबेल."

येणार नाही, असं मी म्हणाले नाही. जुळी म्हणते, असं म्हणाले. या दोन शब्दांच्या आडोशाने मी पुढे बरेच दिवस काढायचा प्रयत्न केला.

अकराला धरणाची दारं उघडली. एकाला उंबऱ्यावर सहा फूट झालं. दीडला सात. डबी पाण्याखाली गेली तरी थोडा वेळ बोलत होती, बुडबुडे येत होते. दोनला माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून पाणी वर आलं, आधी नुसतं ओलं, मग सरळ कारंज्यासारखं. डिसेंबरचं पाणी. पाय बधिर झाले. मी बटण दाबलं. लगेच उत्तर आलं. 'आपली माहिती नोंदवली आहे. होड्या सध्या इतर ठिकाणी आहेत. कृपया माळ्यावरच थांबावं.'

अर्धवट भिंतीवरून मी पलीकडे उतरले. वहिनी अण्णांच्या मागे उभ्या होत्या. दोघींनी खुर्ची सोडवून उचलायचा प्रयत्न केला. अण्णा आडव्या हाडाचे, आणि भिजलेली कांबळी वेगळी. पाणी त्यांच्या मांडीवर आलं.

"तू वर जा. कौलं काढ," वहिनी म्हणाल्या. "भोक मोठं झालं की ह्यांना वर ओढू."

कौलं निघाली. खालच्या लाकडी रिपा निघेनात. मी छपरावर पालथी पडून कोयत्याने रिपा तोडत होते, वाऱ्याने कौलं पत्त्यांसारखी उडत होती. खाली वहिनींनी अण्णांची हनुवटी दोन्ही हातांनी वर धरली होती. दोन रिपा तुटल्या. तिसरी जुन्या सागाची, तिच्यात कोयता रुतून बसला.

वहिनींनी त्यांना काहीतरी विचारलं. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही.

"बरं," अण्णा म्हणाले.

वहिनींनी काय विचारलं होतं ते मी आजवर विचारलेलं नाही. थोड्या वेळाने वहिनींचे हात भोकातून वर आले. मी त्यांना ओढून घेतलं. पाणी तेरा फूट दोन इंचांवर थांबलं. होडी आली पाचला. चौतीस घरांच्या छपरांवर माणसं बसलेली.

आळीत माणूस गेला तो एकच. लोक म्हणाले, तसे ते आजारीच होते. आमच्याकडे दुःख हलकं करायला लोक धावून येतात. मला ते हवंसं वाटलं, हे जास्त वाईट.

पाचव्या दिवशी रुबिना मॅडम आल्या. डोळे सुजलेले. मागून जेसीबी. खातूंच्या शेतात आळी जमली. घराला सुतक होतं, तरी नदीसखी म्हणून मला बोलावणं आलं.

"चूक आमची आहे," त्या म्हणाल्या, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. "एक तृतीयांश पाणी गुप्तधारेने जाईल असं धरून जुळीने दारं उघडायला सांगितली. धारा चाललीच नाही. जुळीचं म्हणणं आहे, मधल्या पाच वर्षांत तिच्या तोंडाशी गाळ बसला. रविवारी पुढचं वादळ येतंय. त्याच्या आत तोंड मोकळं केलं तर तुमच्याकडे पाच फूट. नाहीतर काय होईल ते तिलाही सांगता येत नाही."

मी आळीकडे पाहिलं. आळी शेताकडे पाहत होती. खातूंनी चपला काढून दगड उचलला, बांधावर नीट ठेवला, नमस्कार केला.

जेसीबीने खणायला घेतलं. दहा फुटांवर चिकणमाती, पंधरावर कातळ. लोक कडेला उभे राहून चालकाला सांगत होते, जरा डावीकडे घ्या, तिकडे माती भुसभुशीत वाटते. दोघं फावडी घेऊन खाली उतरले. इतक्या मनापासून मी आळीला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. एवढ्या माणसांत एकानेही, काय शोधतोय आपण, असं म्हटलं नाही.

रुबिना मॅडम खड्ड्याच्या कडेने फिरत होत्या. पडद्यावरचा धागा आणि खालचा कातळ, दोन्ही परत परत बघत होत्या. शेवटी माझ्यापाशी आल्या.

"कुमुदताई, तुमचा जन्म इथे गेला. तुम्हीच सांगा. माग कुठे लागेल?"

मी हात उचलला. "तिकडे," मी म्हणाले. "चिंचेच्या अंगाने बघा."

जेसीबी वळला.

तेवढ्यात लोक बाजूला झाले. माणिकवहिनी येत होत्या. दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं, आणि त्या भर दुपारी बांधावरून चालत आल्या, कपाळ मोकळं, पायाला चिखल.

"मशीन बंद करा, बाई," त्या रुबिना मॅडमना म्हणाल्या.

खातू पुढे झाले. "माणिक, सुतकात आहेस. घरी जा. कुमुद, ने हिला."

मी जागची हलले नाही. चालकाने मशीन बंद केलं. अचानक एवढी शांतता झाली की पलीकडची नदी ऐकू आली.

"इथे कसली धारा नाय," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षांमागल्या पुराला पाणी साडेअकरा फूट होतं. चुना खरवडा, दिसेल. ओळ मी खाली मारली. टेप हिने धरली. चौतीस घरांनी तेच केलं."

रुबिना मॅडमच्या हातातला पडदा हळूहळू खाली आला. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"झालं तुझं सांगून?" खातू म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "घालवलीस आळी. आता चल."

"ते कातळ लागल्यावर यांना आज ना उद्या कळलंच असतं, दत्तारामभाऊ. ते सांगायला नाय आले मी."

वहिनी वळल्या. आधी अण्णांची खुर्ची उचललेल्या चौघांकडे पाहिलं, एकेकाकडे. मग माझ्याकडे.

"त्या दिवशी पाणी माळ्यावर येणार हे मला ठाऊक होतं. हिला ठाऊक होतं. ह्यांना वर चढवणाऱ्या तुम्हा चौघांना ठाऊक होतं. देऊळ समोर दिसत होतं आणि न्यायला माणसं होती. घर राहावं म्हणून आपण ह्यांना माळ्यावर नेऊन ठेवलं."